उभ्या पिकावर मोरचूद

परवा आमच्या शेजारच्या मुलाच्या पाठीवरची चरबीची गाठ काढली. गाठ लिंबाएवढी, टाके चार, जखम कोरडी ठणठणीत. आणि दवाखान्यातून येताना सोबत पिशवीभर कॅप्सूल, दिवसातून तीनदा, सात दिवस. मी त्याच्या आईला विचारलं, "चाकू लावायच्या आधी काही टोचलं होतं का?" ती म्हणाली, "पयले कशाले टोचतीन काका? पयले तं काई झालंच नोयतं." मी पिशवी तिच्या हातात परत दिली. माझं वय आता गप्प बसायचंच आहे. पण घरी येऊन चहा घेतला तो काही गोड लागेना, कारण डोळ्यांपुढे कौतिकाबाई उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, आणि विचारत होत्या की इतक्या वर्षांत तुम्ही लोक शिकलात तरी काय.

 

कौतिकाबाई इंगळे आमच्या अकोल्याच्या धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या आणि मी औषधांच्या खोलीतला कंपाउंडर. इंग्रज जायच्या आगेमागेची वर्षं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आमचे अर्ज आणि मागण्या सगळ्या नागपूरकडे जायच्या आणि सवडीने परत यायच्या. बाईंना सिस्टर कोणी म्हणत नसे, नुसतं 'बाई'. अकोटकडच्या शेतकरी घरातल्या. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, मग थोरल्या भावाने गावाच्या नाकावर टिच्चून त्यांना नागपूरला नर्सिंग शिकायला पाठवलं. एवढंच मला ठाऊक आहे, कारण याच्यापुढे त्या स्वतःबद्दल बोलत नसत.

त्या हातांबद्दल बोलत. कोणीही समोर आलं की बाईंची नजर आधी नखांवर जायची, मग तोंडावर. मी नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते "हात दाखव." मला वाटलं, भविष्य सांगतात की काय. त्यांनी माझा पंजा उलटा केला आणि म्हणाल्या, "कंपाउंडर हायेस का कुंभार?" मी दुसऱ्या दिवशी नखं कापून गेलो आणि तेव्हापासून आजपर्यंत दर सोमवारी कापतो. "धुतलेला हात कोणाले दिसत नाही, गजानन," त्या म्हणायच्या, "न धुतलेला आठव्या दिवशी दिसते." आठव्या दिवशी म्हणजे टाके काढायच्या दिवशी.

थिएटरच्या दाराशी त्यांचं स्वतःचं एक ठेंगणं, गजराचं, पितळी घड्याळ असायचं. भांड्यात हत्यारं उकळायला टाकली की घड्याळ समोर. पाणी खळखळायला लागल्यापासून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत बाई कोणाशी बोलत नसत. एकदा दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष, कापसाचे मोठे अडते, पाहुण्यांना थिएटर दाखवायला घेऊन आले. बाई दारात आडव्या. मिनिटं संपेपर्यंत सगळ्यांना तसंच उभं ठेवलं आणि मग म्हणाल्या, "जोडे भाईर काढा."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "बाई, हे थिएटर माझ्या वडिलांच्या नावाचं आहे."

"मंग तं तुमी पयले काढा. पुजाऱ्याचा पोरगा काय जोडे घालून गाभाऱ्यात जाते का?"

अध्यक्षांनी जोडे काढले. पाहुण्यांनीही काढले. एकाच्या मोज्याला भोक होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर्जन, ते अध्यक्ष गेल्यावर पोट धरून हसले. तेव्हा त्यांचं आणि बाईंचं छान जमत होतं. डॉक्टर पुण्याचे, हात जादूचा, स्वभावाने दिलदार. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट एखाद्या वाईट माणसाची असती तर मला इतका संताप आलाच नसता.

मग पेनिसिलिन आलं. आजच्या पोरांना ते कसं आलं हे सांगून कळायचं नाही. रबरी बुचाच्या इवल्याशा बाटल्या, तळाशी पिवळसर भुकटी, आणि थंड ठेवलं नाही तर वाया जाणार. अकोल्याच्या उन्हात थंड! बर्फाच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी सायकलवर यायची आणि माझ्या खोलीतल्या जस्ताच्या पेटीत जायची. पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली माझ्या करदोड्याला. आंघोळीलासुद्धा ती काढायची नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम. डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय बाटली बाहेर काढायची नाही, हाही हुकूमच. मी दोन्ही हुकूम पाळले. हुकूम पाळण्यात मी फार हुशार होतो.

मरायला टेकलेली माणसं त्या औषधानं उठून बसताना मी पाहिली आहेत, त्यामुळे त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण महिन्याभरात दवाखान्याला त्याचं वेड लागलं. गळू कापलं, पेनिसिलिन. गाठ काढली, पेनिसिलिन. सगळं ऑपरेशन झाल्यावर, संध्याकाळपासून सुरू, दर तीन तासांनी टोचायचं, सात दिवस. व्यापाऱ्यांच्या घरचे रोगी तर भरती होतानाच विचारायचे, "ते बर्फातलं देनार ना?" आणि दुसऱ्या बाजूने वीस मिनिटांची पंधरा झाली. पंधराची दहा. एकदा बाई रजेवरून आल्या तर वॉर्डबॉय पाचच मिनिटांत चिमटे उपसत होता.

"काहून रे, आग इझली का?"

"आता पेनिसिलिन हाय ना, बाई," तो निवांतपणे म्हणाला.

बाईंनी सगळे चिमटे परत भांड्यात टाकले, घड्याळ समोर ठेवलं आणि आत टेबलावर रोगी, हात धुऊन उभे डॉक्टर, सगळ्यांना पुन्हा वीस मिनिटं थांबवलं. त्या दिवशी डॉक्टर हसले नाहीत.

बाईंचं म्हणणं काय होतं ते आधी सांगतो. त्या काही पुस्तकं वाचून बोलत नव्हत्या, त्यांनी फक्त पाहिलं होतं. दोन रोगी असे आले की त्यांना छातीच्या दुखण्यासाठी पेनिसिलिन आधीच सुरू होतं आणि तशातच पोट उघडावं लागलं. दोघांच्याही जखमा कोरड्या राहिल्या. एरवी आतडं कापलेल्या दहातल्या किती जखमा चिघळतात ते त्यांना पाठ होतं. "भाईरची घाण आपन उकळून मारतो," त्या मला समजावायच्या, "तिच्यासाठी औषध कायले? पन आतड्यातली घाण चाकूसंगच भाईर येते. तिच्या आंगात शिरायच्या पयले औषध रक्तात पायजे. कापायच्या अर्धा घंटा पयले. मांगून सात दिस टोचून काय करतं?"

आणि मग भावाची गोष्ट. ती त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितली असेल. ज्वारीवर काणी पडते, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेतकी खात्याचा माणूस गावोगाव मोरचुदाच्या पुड्या वाटत फिरायचा: पेरायच्या आधी बियाणं या निळ्या पाण्यात बुडवा, काणी येणार नाही. बाईंच्या भावाने पुडी घेतली आणि आढ्याला खोचून ठेवली. सगळ्यांनी ज्वारी पेरली, त्यानेही पेरली, पुडी तिथेच. पुढे कणसं काळी पडायला लागली तेव्हा त्याला पुडी आठवली. मग त्याने बादलीभर पाण्यात सगळा मोरचूद कालवला आणि झाडूने उभ्या पिकावर शिंपडला!

"पानं जयली," बाई सांगायच्या, "काणी तशीच्या तशी. गावानं तीन वर्सं हसून घेतलं. आन मोठे डॉक्टर काय करून राहिले मंग? तेच. पन त्यायले कोन हसते?"

ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांनाही सांगितली. माझ्यादेखतच. डॉक्टर बाहीची बटणं लावत म्हणाले, "बाई, हा दवाखाना आहे, वावर नव्हे. रोज वर्तमानपत्रात येतंय या औषधाबद्दल. आणि जास्त दिल्याने कोणाचं वाईट झालंय?"

"साहेब, एकाले जास्त देल्लं म्हनजे दुसऱ्याले राहत नाही."

"मागवू की आणखी."

नागपूरहून आणखी कधी यायचं ते मला विचारा. कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, कधी आगगाडीत बर्फ वितळून गेल्यावर.

आणि मग चंद्रभागा आली. भर दुपारी, बैलगाडीतून. मळ्यातला भाजीपाला बाजारात आणून विकणारी, पस्तिशीची, कडेवरच्या पोराची आई. जांघेत उतरलेलं आतडं अडकून काळं पडायला आलेलं. ताबडतोब कापायला हवं होतं. डॉक्टर हात धुवायला उभे राहिले. बाई माझ्या खोलीत आल्या. त्या कधी पळत नसत, त्या दिवशी त्यांना धाप लागली होती.

"गजानन, एक बाटली काढ."

पेटीत तीन बाटल्या होत्या. तिन्ही अध्यक्षांच्या पुतण्याच्या नावच्या. त्याच्या खांद्यावरची गाठ आदल्या दिवशी काढली होती, जखम आरशासारखी स्वच्छ, आणि तरी सात दिवस पुरे करायचे होते. मी म्हणालो, "बाई, चिठ्ठी?"

"साहेबाचं हात धुनं सुरू हाय. सही कशानं करतीन? मी इचारलं त्यायले, ते म्हंतेत नंतर पाहू."

"मग नंतर..."

"नंतर नाही रे बापा! आता. तिचं आतडं फुटलं तं सगळी घाण पोटात सांडन. अर्ध्या घंट्यात चाकू लागते तिले. किल्ली दे."

किल्ली माझ्या करदोड्याला होती. माझा हात तिथे गेला, हे मी शपथेवर सांगतो. आणि तिथेच राहिला. मी म्हणालो, "बाई, माझी नोकरी जाईल."  बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या वळल्या आणि थिएटरमध्ये गेल्या, कारण भांडं उकळत होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांचा हात होताच जादूचा. चौथ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी लिहिली, पुतण्याचं टोचणं बंद करून उरलेलं आणि नागपूरहून आलेलं नवं औषध चंद्रभागेला सुरू केलं, दर तीन तासांनी, एकही वेळ चुकवली नाही. डॉक्टर स्वतः तिच्या खाटेजवळ बसून राहायचे. दहाव्या दिवशी ती गेली. तिचं पोर बाहेर ओट्यावर गाजर खात बसलं होतं, बाईंनीच दिलेलं.

त्या एका टोचणीने ती वाचलीच असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बाईही म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "शिंपडला मोरचूद," आणि हात धुवायला गेल्या. मी मात्र आजपर्यंत माझ्या हाताला माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दारावर एक पाटी लागली. बाईंच्या अक्षरात, खडूने: 'टोचलं किती वाजता. कापलं किती वाजता.' प्रत्येक रोग्याच्या नावापुढे दोन वेळा लिहायच्या, बस. त्यात कोणाला दोष नव्हता, पण वाचणाऱ्याला सगळं दिसायचं. चार दिवस ती पाटी राहिली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी ओल्या फडक्याने स्वतः पुसली. बाईंनी पुन्हा लिहिली. मग मंडळाकडून पत्र आलं की सिस्टर इंगळे यांची बदली बाळंतपणाच्या वॉर्डात करण्यात येत आहे. पत्रावर अध्यक्षांची सही होती. मोज्याचं भोक ते विसरले नसावेत. बाईंनी पत्र वाचलं, घड्याळ पिशवीत टाकलं आणि आठवड्याभरात अमरावतीच्या एका लहान दवाखान्यात निघून गेल्या. थिएटरमधलं भांडं त्यानंतर किती मिनिटं उकळायचं, ते पाहायला कोणीच नव्हतं.

दोन वर्षांनी मला त्यांचं कार्ड आलं. काखेजवळ गाठ झाली आहे, साधी आहे, तिथल्याच डॉक्टरांकडून काढून घेणार आहे, येऊन जा. मी तेव्हा दुसरीकडे नोकरीला लागलो होतो आणि माझ्या ओळखीने एक बाटली मिळवणं जमण्यासारखं होतं. रीतसर मिळवली, थर्मासमध्ये बर्फ भरला, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि थर्मास मांडीवर घेऊन अमरावतीला उतरलो. मला वाटत होतं, मी काहीतरी फेडतो आहे.

बाई खाटेवर नव्हत्याच. उद्या ऑपरेशन ज्यांचं, त्या बाई रोग्याच्या कपड्यांत थिएटरमध्ये भांड्यासमोर उभ्या, पुढ्यात घड्याळ. मी हाक मारली तर त्यांनी हात वर करून थांब म्हणून खूण केली. मी अकरा मिनिटं उभा राहिलो. मग त्यांनी माझा पंजा उलटा करून पाहिला आणि हसल्या.

मी थर्मास पुढे केला. त्यांना झालेला आनंद मी पाहिला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "मले काय करतं हे? माही गाठ साफ हाय, हत्यारं उद्याबी मीच उकळीन. माह्या शेजारच्या खाटेवर वरूडकडची बाई हाय, संत्र्याच्या बागेतली. आतड्याले गोळा चिकटला हाय तिच्या. माह्या पाठोपाठ तिचंच पोट उघडतेत. तिले दे. कापायच्या अर्धा घंटा पयले. इतलं काम कर, गजानन."

या वेळी माझा हात अडला नाही. मी तिथल्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण, गोड बोलणारे. मी त्यांना सगळं सांगितलं, काणी, मोरचूद, भाऊ, झाडू, चंद्रभागा, सगळं. ते मन लावून ऐकत होते. त्यांनी बाटली घेतली, माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "अगदी काळजी करू नका." मला इतकं हलकं वाटलं की मी बाजारात जाऊन भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायला गेलो तर बाईंच्या दंडाला कापसाचा बोळा धरून नर्स उभी होती. बाई तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होत्या.

"हे माह्या दंडात काय करून राहिलं, गजानन?"

मी डॉक्टरांना गाठलं. ते चकित झाले. "अहो, बाई आमच्या आहेत. त्यांना कमी पडू देऊ का आम्ही? त्यांच्यासाठीच तर तुम्ही आणलंत! त्या दुसऱ्या बाईंनाही देऊच की, लागलं तर." त्यांच्या डोळ्यांत खरोखर माया होती. मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. मायेवर कसं ओरडायचं?

बाईंची जखम कोरडी राहिली, आणि डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की पाहा, पेनिसिलिनची कमाल. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवर ताप चढला. बाटलीत जे उरलं होतं ते तिच्याकडे वळलं, आणखी मागवायला नागपूरला तार गेली. ती बाई वाचली, पण पोटावरचा घाव चार महिने वाहत होता, हे मला पुढे कळलं. त्याबद्दलही पेनिसिलिनचीच कमाल म्हणाले असतील.

मी निघालो त्या दुपारी बाईंना दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती. त्या गेल्या नव्हत्या. स्वतःचा हात गळ्यात बांधलेला, आणि त्या वरूडच्या बाईच्या खाटेशी स्टुलावर बसून दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होत्या. मांडीवर पितळी घड्याळ. मी म्हणालो, "बाई, येतो." त्यांनी मान हलवली, पण नजर घड्याळावरून काढली नाही. तेवढ्यात नर्स गप्पा मारत मारत सुई घेऊन आली.

"सात मिनिटं उशीर झाला तुले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, भांडण संपल्यावर उरतो तसा. "पयले द्याचं ते तं देल्लं नाही कोनं. आता निदान टायमावर तं देत जा, पोरी."

आणि नर्सचा मोकळा हात धरून त्यांनी तो उलटा केला.